मुदत कोणाला, मुद्दल कोणाचं

ऑनलाइन दुकानातलं गिऱ्हाईक ‘पैसे भरा’ दाबतं, पेमेंट गेटवेच्या पानावर जातं, तिथून बँकेच्या पानावर, ओटीपी टाकतं आणि मग बँक त्याला पुन्हा दुकानाच्या साइटवर आणून सोडते. आपल्याकडच्या अनेक गेटवेंमध्ये ही परतीची फेरी ‘पोस्ट’ पद्धतीने होते, म्हणजे व्यवहाराचा तपशील भरलेल्या फॉर्मसारखा पाठवला जातो. फेब्रुवारी २०२०मध्ये क्रोमची ८०वी आवृत्ती आली आणि नेमक्या या परतीच्या पावलावर काही साइटना आपलंच गिऱ्हाईक ओळखू येईना. खात्यातून पैसे गेलेले, समोर मात्र ‘पुन्हा लॉगिन करा’ असं पान. साइटच्या कोडात कोणी काना-मात्राही बदललेली नव्हती. बदलला होता तो ब्राउझरचा एक नियम. कुकी म्हणजे साइटने ब्राउझरपाशी ठेवायला दिलेली चिठ्ठी. त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर ती चिठ्ठी आपणहून जोडत असे, मग विनंती कुठल्या का पानावरून निघालेली असेना. इंटरनेटवरची पाळत याच सवयीवर उभी राहिली. बातमीच्या पानात जाहिरात कंपनीचं एखादं बारीकसं चित्र दडलेलं असायचं, ते मागवताना त्या कंपनीची चिठ्ठीही सोबत जायची आणि माणूस दिवसभरात कुठे कुठे फिरला ते तिला कळायचं. नवा नियम असा की परक्या साइटवरून निघालेल्या विनंतीसोबत चिठ्ठी हवी असेल, तर साइटने कुकीवर ‘सेमसाइट’ या गुणधर्मात तसं उघड लिहायचं. लिहिलं नसेल तर, साध्या लिंकवरून येणं सोडून, चिठ्ठी जोडली जाणार नाही. नियम योग्यच होता. गंमत एवढीच, की पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांनी ती ओळ वेळेत लिहून टाकली आणि अडकली ती बरीचशी साबण-मसाले विकणारी मंडळी.

एक शब्द लिहायचा तर त्याला इतका वेळ कशाला, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. गूगलने हा बदल मे २०१९मध्येच जाहीर केला होता, म्हणजे नऊ महिने हाताशी होते. पण तो शब्द लिहायचा कुठे? पीएचपी या भाषेत कुकी ठेवताना हा गुणधर्म रीतसर देण्याची सोय ७.३ या आवृत्तीत, डिसेंबर २०१८मध्ये आली; स्वस्तातल्या होस्टिंगवर त्याहून जुन्या आवृत्त्या सर्रास चालू होत्या. शब्द लिहिला तरी आयफोनच्या आयओएस १२वरची सफारी त्याचा नेमका उलटा अर्थ लावत असे. ‘कुठूनही आलं तरी चिठ्ठी जोड’ या सूचनेला ती ‘कधीच जोडू नकोस’ असं समजे. त्यामुळे सर्व्हरने आधी समोरचा ब्राउझर कोणता ते ओळखायचं आणि मग शब्द लिहायचा की नाही ते ठरवायचं. शिवाय ज्या कोडात हे करायचं तो बहुतेक वेळा दुकानदाराचा नसतोच. खरेदीची टोपली एका प्लगइनची, पेमेंटचा जोड दुसऱ्याचा, लॉगिन तिसऱ्याचं आणि साइट बांधून देणारा केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला. वेबसाइट सांभाळण्याचं काम ज्यांनी केलं आहे त्यांना हे ठाऊक असतं, की अशा बदलात हाताने करायचं काम अर्ध्या दिवसाचं असतं. महिने जातात ते काय मोडणार आहे हे कळण्यात आणि दुरुस्ती कोणाकडे आहे हे शोधण्यात. क्रोमने दोन मिनिटांची एक सवलतही ठेवली होती: गुणधर्म न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटं झाली नसतील, तर पोस्टच्या परतीच्या फेरीतही ती जाऊ द्यायची. ज्याने ही सवलत आखली त्याला अडचण कळली होती. पण दुकानात शिरताना मिळालेली चिठ्ठी पैसे भरायच्या वेळेपर्यंत दोन मिनिटांची राहत नाही, आणि ओटीपीची वाट बघत फोन हलवणाऱ्या माणसाला तर दोन मिनिटं अगदीच अपुरी.

३ एप्रिल २०२० रोजी क्रोमने हा बदल मागे घेतला. करोनाची साथ पसरलेली, माणसं घरात अडकलेली, बँका, किराणा, सरकारी सेवा, आरोग्यसेवा सगळं वेबसाइटवर आलेलं. अशा वेळी या साइट डळमळू नयेत, हे कारण उघडपणे सांगितलं. पुन्हा सुरू करण्याआधी कळवू असंही सांगितलं आणि कळवून १४ जुलैला, ८४व्या आवृत्तीबरोबर, तो पुन्हा लागू करायला घेतला. मला ही माघार या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी मुदतवाढ वाटते. तिला कारण होतं, ते कारण संपणारं होतं, तीन-सव्वातीन महिन्यांत ती संपली आणि बदल जसाच्या तसा लागू झाला. ब्राउझरच्या गोपनीयतेच्या बदलांपुढे साइटना वेळ द्यावा की नाही, या प्रश्नाला माझं उत्तर ‘द्यावा’ असंच आहे. पण मुदत हे एक प्रकारचं कर्ज आहे. घेणारी साइट असते, मंजूर करणारा ब्राउझर असतो, आणि मुद्दल मात्र तिसऱ्याचंच, पानं वाचणाऱ्या माणसाच्या खासगीपणाचं. त्याला कोणी विचारलेलं नसतं. म्हणून मुदत किती लांब यापेक्षा ती कोणासाठी, कशाच्या बदल्यात आणि कशाने संपणार, हे आधी ठरलेलं हवं. एवढं ठरलेलं नसेल तर ती मुदत नव्हे, ते भिजत घोंगडं.

तारीख पक्की असली की काय होतं याचं उदाहरण ब्राउझरात चलचित्रं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅशचं आहे. तो बदल गोपनीयतेचा नव्हता, पण मुदतीचा नमुना म्हणून बघण्यासारखा आहे. २५ जुलै २०१७ला अ‍ॅडोबीने जाहीर केलं की २०२०च्या अखेरीस फ्लॅश बंद. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याच दिवशी त्याला दुजोरा दिला. साडेतीन वर्षांत तारीख एकदाही हलली नाही. १२ जानेवारी २०२१पासून फ्लॅशमधला मजकूर चालणंच बंद झालं. तरीही दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही अर्ज फ्लॅशमध्येच राहिले होते, आणि ते भरता यावेत म्हणून त्या खात्याला जानेवारी २०२१मध्ये स्वतःचा वेगळा ब्राउझर लोकांना द्यावा लागला. बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणून हसता येईल. पण यातून घ्यायचं ते वेगळं आहे. साडेतीन वर्षांतही शेवटचा माणूस येत नाही. तो दहा वर्षांतही येणार नाही. सगळे येईपर्यंत थांबायचं असं ठरवलं, तर निघायचंच नाही असं ठरवल्यासारखं होतं. ज्याला बदलायचं होतं त्याला बदलता यावं, इतका वेळ पुरे. टीएलएस १.० आणि १.१ ही जुनी सुरक्षित जोडणीची पद्धत काढतानाही असंच झालं. ऑक्टोबर २०१८मध्ये अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी एकाच दिवशी, २०२०च्या पूर्वार्धात ती बंद करू असं सांगितलं. चौघांनी एकत्र सांगितल्यामुळे ‘दुसरा ब्राउझर वापरा’ ही पळवाट साइटना उरली नाही. मार्च २०२०मध्ये फायरफॉक्सने ती पद्धत काढली, साथीची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट अजून तिच्यावरच आहेत हे दिसल्यावर तात्पुरती परत आणली आणि जूनच्या अखेरीस ७८व्या आवृत्तीत पुन्हा बंद केली. पाऊल मागे घेतलं, पण पाय तिथे रोवला नाही.

आता घोंगड्याकडे. तिऱ्हाइताच्या कुकीचा, म्हणजे ज्या साइटवर आपण आहोत तिच्याखेरीज भलत्याच कोणाच्या चिठ्ठीचा धोका काल-परवा कळलेला नाही. नेटस्केपमध्ये लू मोंतुली यांनी १९९४मध्ये कुकी तयार केली. फेब्रुवारी १९९७मध्ये तिचं पहिलं मानक, आरएफसी २१०९, आलं. त्याच्या दोन लेखकांत खुद्द मोंतुली होते, आणि माणसाने स्वतः न मागितलेल्या, परस्पर होणाऱ्या विनंत्यांसोबत कुकी मुळात जाऊ देऊ नये असं त्यात लिहिलेलं होतं. त्या काळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मनावर घेतलं नाही. २०१३मध्ये मोझिलाने फायरफॉक्समध्ये, माणसाने भेट न दिलेल्या साइटच्या कुकी रोखायचं ठरवलं, जाहिरात उद्योगाने आरडाओरडा केला, मे महिन्यात मोझिलाने आणखी अभ्यासासाठी तो बदल पुढे ढकलला. माहीत असलेल्या ट्रॅकरच्या कुकी फायरफॉक्समध्ये सगळ्यांसाठी आपोआप बंद झाल्या त्या सप्टेंबर २०१९मध्ये. अभ्यासाला सहा वर्षं लागली! आणि क्रोम: जानेवारी २०२०मध्ये दोन वर्षांत तिऱ्हाइताच्या कुकी बंद करू असं सांगितलं, जून २०२१मध्ये ते २०२३वर गेलं, जुलै २०२२मध्ये २०२४च्या उत्तरार्धावर, जानेवारी २०२४मध्ये खरोखर सुरुवात झाली आणि सुमारे एक टक्का वापरकर्त्यांसाठी कुकी बंदही केल्या, एप्रिलमध्ये तारीख २०२५वर गेली, जुलै २०२४मध्ये बंद करण्याऐवजी वापरणाऱ्यालाच विचारू असं ठरलं, आणि एप्रिल २०२५मध्ये तेही वेगळं विचारणार नाही असं ठरलं. किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. तिच्यातला उद्या जसा कधी उजाडत नाही, तशी ही तारीख.

यात सर्वांत मोठं नुकसान वाचणाऱ्याचं झालं हे उघड आहे. पण ज्या साइटसाठी म्हणून ही मुदत वाढत गेली त्यांचंही ते झालं, याकडे फारसं कोणी बघत नाही. ज्यांनी २०२०ची घोषणा खरी मानली त्यांनी कुकींची मोजदाद केली, लॉगिनची रचना बदलली, कुकीऐवजी वापरायच्या ब्राउझरच्या नव्या सोयी, म्हणजे एपीआय, शिकून घेतल्या, त्यासाठी माणसं लावली. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचं काहीच बिघडलं नाही. पाच वर्षांनी हिशेब मांडला तर आळशी माणूस दूरदृष्टीचा ठरला. कामाच्या यादीत गोपनीयतेच्या कामांना वरचा क्रमांक मिळवून देणाऱ्या प्रत्येकाची पत यामुळे खाली आली. पुढच्या वेळी ‘ब्राउझर अमुक बंद करतोय’ असं डेव्हलपर सांगायला गेला, की ‘मागेही असंच म्हणाला होतात’ हे उत्तर तयार असतं, आणि त्याच्यापाशी त्याला उत्तर नसतं. एका बदलाला दिलेली ढिली मुदत अशी पुढच्या दहा बदलांच्या मुदती नासवून ठेवते.

क्रोमच्या बाजूचं एक म्हणणं मात्र खरं आहे आणि ते नीट ऐकायला हवं. गूगल ब्राउझर बनवतं आणि जाहिरातीही विकतं. इतरांच्या हातातली कुकी काढून घेतली तर ज्याच्याकडे स्वतःच्या सेवांमधून गोळा झालेली माहिती आहे तोच बाजारात उरेल, ही भीती पोकळ नव्हती. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, सीएमएने, जानेवारी २०२१मध्ये चौकशी सुरू केली आणि फेब्रुवारी २०२२मध्ये गूगलकडून बंधनकारक हमी घेतली. नियामकाचं समाधान झाल्याशिवाय कुकी काढायच्या नाहीत, असं त्यात होतं. जाहिरातीवर चालणाऱ्या छोट्या प्रकाशकांनाही उत्पन्नाची काळजी होती आणि ती खोटी नव्हती. हे सगळं मान्य. पण मग याला ‘साइटना जुळवून घ्यायला वेळ’ म्हणू नये. तो बाजारातल्या मक्तेदारीचा वाद होता, आणि त्याला लागणारा वेळ हा नियामकाच्या कामाचा वेळ होता. आपल्या पानात दुसऱ्या साइटवरून घेतलेला नकाशा, चॅटची खिडकी किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका दाखवणाऱ्याला हवा असलेला वेळ वेगळा. तो महिन्यांत मोजता येतो आणि संपतो. या दोन गरजा एका पोत्यात भरल्यामुळे दुसरीच्या नावाने पहिली वर्षानुवर्षं पोसली गेली. जुळवून घेण्यासाठी मिळालेल्या वेळात कोण काय करतो, यावरून ती गरज कोणती ते कळतं.

इथे सफारीचं उदाहरण समोर ठेवलं जातं. सफारीने कोणाला विचारलं नाही, तारखांचा घोळ घातला नाही, जग बुडालं नाही. मग मुदतीची भानगड हवी कशाला? आक्षेप जोरदार आहे. सप्टेंबर २०१७मध्ये सफारी ११ आली ती ट्रॅकर ओळखून त्यांच्या कुकी रोखणारी यंत्रणा घेऊनच. जाहिरात क्षेत्रातल्या सहा संघटनांनी निषेधाचं खुलं पत्र काढलं. अ‍ॅपल हललं नाही. पण त्या पहिल्या आवृत्तीतही एक सवलत होतीच: माणसाने ज्या साइटला प्रत्यक्ष भेट दिली असेल तिची कुकी पुढचे २४ तास इतरत्रही चालू राहील. ती लॉगिन मोडू नये म्हणून होती. फायदा कोणाला झाला, तर लोक ज्यांच्याकडे रोज जातात अशा मोठ्या साइटना. त्यांचे २४ तास दररोज नव्याने सुरू व्हायचे. छोट्यांसाठी म्हणून उघडलेल्या दारातून आधी हत्ती आत शिरला. पुढच्याच वर्षी, २०१८मध्ये, अ‍ॅपलने ती सवलत काढली, आणि खरोखर गरज असलेल्या पानाला माणसाच्या परवानगीने कुकी मिळावी म्हणून स्टोरेज अ‍ॅक्सेस एपीआय पुढे केला. २४ मार्च २०२०ला सफारीने तिऱ्हाइताच्या कुकी सरसकट बंद केल्या. भारतात त्याच रात्री टाळेबंदी जाहीर झाली. तिकडे क्रोम माघारीच्या विचारात असताना सफारी पुढेच गेली. पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीत गुपचूप लॉगिन ताजं करणाऱ्या साइटमधून माणसं वरचेवर बाहेर फेकली जाऊ लागली. त्याच बदलात, स्क्रिप्टने ब्राउझरात साठवलेला मजकूर सात दिवस साइट न वापरल्यास पुसायचा असाही नियम आला, आणि नेटवर्क नसताना चालावीत म्हणून बांधलेल्या, कोणाचाही पाठलाग न करणाऱ्या साइटना तो लागला. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

तरी जग बुडालं नाही, हेही खरं. पण का बुडालं नाही ते बघायला हवं. सफारीत मोडलेल्या साइटने ‘कृपया क्रोम वापरा’ अशी पट्टी लावली आणि वेळ मारून नेली. सफारी कडक राहू शकली, कारण शेजारी क्रोम सैल होता. तिने न दिलेली मुदत दुसऱ्याने दिलेली होती. आयफोनवर तर तेही चाललं नाही, कारण तिथला क्रोमही आतून अ‍ॅपलच्याच वेबकिट या इंजिनावर चालतो, आणि तिथे साइटना खरोखर दुरुस्ती करावी लागली. दरम्यान पाळत ठेवणारे स्वस्थ नव्हते. त्यांनी लिंकच्या शेपटीला ओळखखुणा लावल्या, साइटच्याच नावाचं उपनाव घेऊन आत बसायची सोय केली. सफारीने त्या वाटा बुजवायच्या आणि त्यांनी नव्या काढायच्या, असं वर्षानुवर्षं चाललं. धक्का देऊन पळवाटा थांबत नाहीत, तशा त्या मुदत देऊनही थांबत नाहीत. जो पळणार आहे त्याच्यासाठी मुदत आखूच नये. आखायची ती राहणाऱ्यासाठी.

सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे. खासगीपणा हा हक्क असेल, तर हक्काला मुदत कसली? पाळत चुकीची आहे हे मान्य करून ‘आणखी एक वर्ष चालू द्या’ म्हणणं हे वाचणाऱ्याच्या खिशात हात घालून दुसऱ्याला सवलत देणं आहे. हे म्हणणं मला पटतं. कायद्यापाशी याला फारसा उपाय नसतो. युरोपचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २०१६मध्ये संमत झाला आणि २५ मे २०१८पासून लागू झाला. मधली दोन वर्षं माणसाला तो हक्क वापरता येत नव्हता. (दोन वर्षं मिळूनही त्या दिवशी लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यूनने युरोपातल्या वाचकांना दारच बंद केलं, तो भाग वेगळा.) आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना आणखी १८ महिने दिले. कायदा सगळ्यांना एकाच दिवशी लागू होतो, त्यामुळे त्याची मुदतही सगळ्यांना सरसकट मिळते. ब्राउझरला असं बंधन नाही. तो माणसाला संरक्षण आजच देऊ शकतो आणि साइटला मुदत नावानिशी, एकेकीला देऊ शकतो. मुद्दल घरात ठेवून कर्ज देण्यासारखी ही सोय आहे आणि ती फार कमी वापरली गेली.

फायरफॉक्सने ती बऱ्यापैकी वापरली. फेब्रुवारी २०२१मध्ये त्याने प्रत्येक साइटला स्वतंत्र बरणी दिली: तिऱ्हाइताला कुकी ठेवू द्यायची, पण या पानातली या बरणीत आणि त्या पानातली त्या बरणीत, म्हणजे दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे त्याला जुळवता येऊ नये. कुकी साफ नाकारली तर चॅटची खिडकी मोडते. बरणीत ठेवली तर ती चालते आणि पाळत मात्र तुटते. सुरुवातीला ज्यांनी कडक संरक्षण निवडलं होतं त्यांनाच हे मिळालं. जून २०२२पासून ते सगळ्यांना मिळू लागलं. मधल्या सोळा महिन्यांत साइटना वेळ मिळाला, आणि ज्या वाचणाऱ्याला तो वेळ द्यायचा नव्हता त्याच्यावर तो लादलाही गेला नाही. एका साइटने उघडलेल्या लॉगिनच्या खिडकीत माणसाने स्वतः काही केलं, तर त्या जोडीपुरती ३० दिवसांची सवलत आपोआप मिळे. सरसकट मुदतीपेक्षा हे कितीतरी बारीक विणलेलं आहे.

आणि क्रोमनेही, घोळ घालता घालता, या प्रकारातली एक फार चांगली गोष्ट केली होती, तिचं श्रेय द्यायला हवं. २०२४च्या सुरुवातीला ज्या थोड्या वापरकर्त्यांच्या कुकी बंद झाल्या, त्यांच्याकडे काही मोडत असेल तर त्या सेवेने अर्ज करायचा, काय मोडतंय ते दाखवायचं, आणि टोकन घेऊन २७ डिसेंबर २०२४पर्यंत कुकी चालू ठेवायच्या. जाहिरातीसाठी अर्ज केला तर तो नामंजूर. मला यातली अर्जाची अट विशेष मोलाची वाटते. अर्ज करावा लागला म्हणजे निदान कोणीतरी आपल्या साइटमध्ये डोकावून पाहिलं, काय कशावर अवलंबून आहे ते लिहून काढलं. कळायला लागणारा वेळ असा कामी येतो. न मागता मिळालेली मुदत बहुधा झोपेतच संपते. यावर कोणी म्हणेल, अर्ज तर मोठ्यांनाच जमतात. छोट्या दुकानदाराला अशी सोय आहे हेच कळणार नाही. बरोबर आहे. या सूचना इंग्रजीत, डेव्हलपरांच्या वाचनात येतील अशा जागी निघतात, किंवा ब्राउझरच्या कन्सोलमध्ये पिवळ्या ओळीत दिसतात; दुकानाचा मालक आयुष्यात कन्सोल उघडत नाही. पण त्याच्या साइटमध्ये मोडणारी वस्तू बहुतेक वेळा त्याची नसतेच. ती प्लगइनवाल्याची, गेटवेची, चॅट पुरवणाऱ्याची असते. या पुरवठादाराने एक अर्ज केला तर त्याच्या हजारो ग्राहकांचं काम होतं. म्हणून अर्ज त्याच्याकडूनच घ्यावा, आणि मुदतीचं ओझंही त्याच्यावरच ठेवावं.

मोजमापावरही फार विसंबू नये, एवढं जाता जाता. ब्राउझरवाले वापराची टक्केवारी बघून ठरवतात, आणि कंपनीच्या किंवा कचेरीच्या बंद जाळ्यातली पानं त्या मोजणीत कमीच येतात. २०२१च्या जुलैत क्रोमच्या ९२व्या आवृत्तीने परक्या चौकटीतून ‘अलर्ट’ची खिडकी उघडणं बंद केलं. फसवणुकीला आळा घालण्यासाठी केलेला हा बदल टक्केवारीत क्षुल्लक दिसत होता. पण प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या साइट मुलांचा पहिला कोड नेमका अशाच चौकटीत चालवतात, आणि तो कोड बहुधा अलर्टनेच सुरू होतो. बदल पुढे ढकलावा लागला.

ऑक्टोबर २०२५मध्ये गूगलने कुकींना पर्याय म्हणून सहा वर्षं बांधलेल्या साधनांपैकी बहुतेक मोडीत काढल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात सीएमएनेही गूगलला जुन्या हमीतून मोकळं केलं. माणसाच्या आवडीचे विषय ब्राउझरनेच ठरवायचे ते टॉपिक्स, जाहिरातीचा लिलाव ब्राउझरातच करायचा ते प्रोटेक्टेड ऑडियन्स, जाहिरातीचं फळ मोजायचं ते अ‍ॅट्रिब्यूशन रिपोर्टिंग, सगळी गेली. ज्यांनी ती आपल्या साइटमध्ये बसवली होती त्यांना आता तो कोड उपसून काढायचा आहे. मागे ज्या थोड्या गोष्टी ठेवल्या, त्यांत चिप्स आहे, म्हणजे तिऱ्हाइताची कुकी प्रत्येक साइटच्या वेगळ्या बरणीत ठेवायची सोय, आणि फेडसीएम आहे, म्हणजे दुसऱ्या सेवेच्या खात्याने लॉगिन करताना ब्राउझरने मध्ये उभं राहायचं. पहिलीवर चॅटची खिडकी चालते, दुसरीवर लॉगिन.